फ्री की एसीएल_फ्री? आणि बोलवायचं कुठून?

लिनक्सवर सी मध्ये फाइलची एसीएल (कोणाला काय करता येईल याची परवानग्यांची यादी) वाचायला एसीएल_गेट_फाइल, ती मजकुरात हवी असेल तर एसीएल_टू_टेक्स्ट. हे दुसरं फंक्शन साधी स्ट्रिंग देतं, त्यामुळे हात आपोआप मेमरी सोडणाऱ्या नेहमीच्या फ्री() कडे जातो. फसगत इथेच होते. लिबएसीएल (ही फंक्शन्स देणारी लायब्ररी) आपल्या प्रत्येक ऑब्जेक्टच्या आधी छोटं हेडर ठेवते आणि आपल्याला मिळतो तो त्याच्या पुढचा पत्ता. मेमरी मागवणाऱ्या मॅलॉकने दिलेला पत्ता हा नव्हेच! तो फ्री() ला दिला की ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ अशी तक्रार करून प्रोग्रॅम बंद पाडते.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर मात्र एसीएल_फ्री आतून फ्री() च बोलावतं, म्हणून तिथे चुकीचा कोडही बिनबोभाट चालतो. तेव्हा या निवडीत माझ्या मते वादच नाही: सगळीकडे एसीएल_फ्री.

पण कशाकशावर? यादीतली एकेक नोंद देणारं एसीएल_गेट_एंट्री आणि त्या नोंदीच्या परवानग्या देणारं एसीएल_गेट_परमसेट मूळ एसीएलच्या आतलाच पत्ता देतात. ते वेगळे सोडायचे नाहीत. एसीएल_गेट_क्वालिफायर मात्र नोंदीतल्या युजर किंवा ग्रुप आयडीची नवी प्रत देतं आणि ती लूपच्या प्रत्येक फेरीत सोडावी लागते. सगळ्यात जास्त गळती (सोडायची राहिलेली मेमरी) मी इथेच पाहिली आहे. एसीएल_सेट_फाइलने एसीएल फाइलला लावली तरी मेमरी आपल्याच गळ्यात असते. एसीएल_फ्री व्हॉइड पॉइंटर घेतं, त्यामुळे काहीही दिलं तरी कंपायलर गप्प.

आता खरी निवड: शेवटी एक लेबल ठेवून गोटू, की जीसीसी आणि क्लँग या कंपायलरचं क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूट (व्हेरिएबलचा स्कोप संपताच ठरवलेलं फंक्शन आपोआप बोलावणारं)? गोटू कुठल्याही कंपायलरवर चालतं. सगळे पॉइंटर सुरुवातीला नल करायचे आणि सोडण्याआधी तपासायचे. क्लीनअपमध्ये मधूनच रिटर्न केलं तरी गळती होत नाही. फक्त त्याच्या फंक्शनला व्हेरिएबलचा पत्ता मिळतो, त्यामुळे एसीएल_फ्री थेट देता येत नाही. दोन ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहावं लागतं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कोडमध्ये हीच पद्धत आहे.

नवा, फक्त लिनक्सपुरता कोड असेल तर मी क्लीनअप घेईन. जुन्या कोडमध्ये आधीच गोटू असेल तर तेच पुढे चालवावं. एकाच फंक्शनमध्ये दोन्ही मिसळले की एखादी एसीएल दोनदा सुटते. आणि क्लीनअप लावलेली एसीएल बाहेर परत द्यायची असेल तर आधी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मूळ व्हेरिएबल नल करा, मगच रिटर्न.