फ्लक्स: पाळी सुरू असतानाच नियम बदलला, तर पुढे काय? काही महिन्यांच्या खेळानंतरचा अनुभव

फ्लक्स हा पत्त्यांचा खेळ गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मुलुंडच्या घरी आला आणि तेव्हापासून बहुतेक शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आम्ही तो मांडतो. खेळणाऱ्यांत माझ्या सासूबाई, माझी मुलगी, भाचा आणि शेजारचे काका-काकू असे सगळ्या वयांचे भिडू असतात. या खेळाविषयी नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी की, यात नियमच बदलत राहतात, त्यामुळे वाद झाला तर बोट ठेवायला काही उरत नाही. मला हे मत मान्य नाही. फ्लक्समध्ये नियम बदलतात, पण ते कोणत्या क्षणी आणि कोणाला लागू होतात याची शिस्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच राहते, आणि ती शिस्त घरातल्या सर्वांना समजली की खेळताना उठणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शंकेचे उत्तर समोरच्या पानावरच छापलेले सापडते. ज्यांच्या घरी हा कॅट येऊन पडला आहे, पण दोन-तीन डावांतल्या वादांनंतर कपाटात गेला आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिले आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देते. अँड्र्यू लूनी यांनी तयार केलेला हा अमेरिकन खेळ 1997 साली बाजारात आला आणि तो लूनी लॅब्स ही कंपनी काढते. आमच्याकडे 5.0 ही आवृत्ती आहे. तिच्यात 100 पाने असून 2 ते 6 जण खेळू शकतात. प्रत्येकाला तीन पाने वाटायची आणि आपली पाळी आली की एक पान उचलून एक पान खेळायचे, एवढाच मूळ नियम आहे. पानांचे प्रकार चार आहेत. कीपर म्हणजे आपल्यासमोर मांडून ठेवायच्या वस्तू, गोल म्हणजे जिंकण्याची अट, न्यू रूल म्हणजे नवा नियम आणि अ‍ॅक्शन म्हणजे एकदाच करून टाकून द्यायची कृती. ‘टोस्ट’ हा गोल टेबलाच्या मध्यभागी मांडलेला असेल, तर ज्याच्यासमोर ब्रेड आणि टोस्टर ही दोन्ही पाने मांडलेली असतील तो जिंकला. सुरुवातीला गोल नसतोच, त्यामुळे कोणीतरी तो खेळेपर्यंत कोणीही जिंकू शकत नाही. मेंढीकोटात दहिल्या मिळवायच्या हे पाने वाटण्याआधीच ठरलेले असते. इथे काय मिळवायचे हेच हातातल्या पानांवरून ठरते. सासूबाईंनी पहिल्याच रात्री विचारले, “मग ह्यात हुकूम कोण लावतं?” याचे उत्तर असे की ज्याची पाळी असेल तो, आणि तेही पुढच्या भिडूने बदलेपर्यंतच.

सर्वांत जास्त शंका उठतात त्या पाने उचलण्याच्या आकड्यावरून, आणि म्हणून इथे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. समजा, मूळ नियमाप्रमाणे मी एक पान उचलले आणि मग ‘ड्रॉ 4’ (पाळीला चार पाने उचला) हा नवा नियम खेळला. आता हा नियम मला पुढच्या पाळीपासून लागू होईल की लगेच? पानावरच लिहिले आहे की ज्याने तो नियम आणला त्याने लगेच कमी पडणारी पाने उचलून घ्यावीत, म्हणजे एक आधीच उचललेले असल्यामुळे मी आणखी तीन उचलायची. याच्या उलट, ‘ड्रॉ 5’ चालू असताना मी पाच पाने उचलली आणि मग ‘ड्रॉ 2’ खेळले, तर उचललेले काहीही परत जात नाही. खरी मेख याच्या पुढे आहे. ‘ड्रॉ 5’ चालू असताना मी पाच पाने उचलली, मग एका अ‍ॅक्शनने तोच नियम काढून टाकला आणि ‘लेट्स डू दॅट अगेन’ या पानाच्या आधारे तो टाकलेल्या ढिगातून पुन्हा आणला, तर मला नवी पाच पाने मिळतात का? मिळत नाहीत, कारण या पाळीत मी एकूण किती पाने उचलली एवढेच मोजायचे असते आणि ती पाच झालेली आहेत. हात रिकामा असताना मिळणारी ‘नो-हँड बोनस’ची तीन पाने मात्र या हिशेबात धरायची नाहीत, कारण ती चालू असलेला उचलण्याचा नियम पाळण्याच्या आधी घ्यायची असतात. माझ्या भाच्याने यावर एक सवय लावून घेतली आहे: उचललेल्या पानांचा आकडा तो मोठ्याने म्हणतो. त्याच्या या सवयीने आमची अर्धी भांडणे संपली.

खेळायच्या पानांचा हिशेबही असाच एकूण आकड्यावर चालतो. ‘प्ले 1’ असताना मी ‘प्ले 3’ खेळले, तर ते माझे पहिले पान झाले आणि दोन पाने उरली. ‘प्ले 4’ चालू असताना तिसरे पान म्हणून मी ‘प्ले 2’ खेळले, तर दोनाहून जास्त पाने खेळून झालेलीच आहेत, त्यामुळे माझी पाळी तिथेच संपते. ‘रूल्स रीसेट’ हे पान पहिल्याच फटक्यात खेळणाऱ्याचेही असेच होते: सगळे नवे नियम उडतात, एक पान खेळण्याचा मूळ नियम परत येतो आणि ते एक पान त्याने नुकतेच खेळलेले असते. मधला गोल मात्र ‘रूल्स रीसेट’ने हलत नाही, ही गोष्ट घाईत हटकून विसरली जाते. ‘प्ले ऑल’ (हातातली सगळी पाने खेळा) चालू असेल, तर पाळीच्या मध्यात हाती आलेली नवी पानेही खेळावी लागतात. ती पुढच्या वेळेसाठी राखून ठेवता येत नाहीत.

एका पानाच्या पोटात दुसरी पाने खेळली जातात तेव्हा नवे खेळाडू गांगरतात. ‘ड्रॉ 2 अँड यूज देम’ हे पान सांगते की हातातली पाने बाजूला ठेवा, दोन पाने उचला, ती हव्या त्या क्रमाने खेळा आणि मग आपली पाने उचलून पाळी पुढे चालू ठेवा. हे सगळे मिळून एकच पान खेळल्यासारखे धरायचे. उचललेल्या दोनांपैकी एखादे पान पुन्हा तसलेच निघाले, तरी आतले सगळे त्याच एका खेळीत मोजले जाते. इथे हातातली पाने खरोखरच टेबलावर पालथी ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. ती हातात तशीच राहिली, तर नवी दोन पाने त्यांत मिसळतात आणि मग कोणते पान कुठून आले हे कोणालाच सांगता येत नाही.

मर्यादा घालणारे नियम हा दुसरा मोठा वादाचा विषय. ‘हँड लिमिट 0’ लागू झाले की हातात एकही पान ठेवायचे नाही असे सगळे समजतात, आणि मग ज्याची पाळी आहे त्याने खेळायचे तरी काय, असा प्रश्न पडतो. पानावरचा मजकूर नीट वाचला तर कळते की ही मर्यादा ज्याची पाळी नाही त्याच्यासाठी आहे: इतरांनी जास्तीची पाने तत्काळ टाकायची आणि पाळी असणाऱ्याने ती पाळी संपल्यावर टाकायची. ‘कीपर लिमिट’चेही हेच सूत्र आहे, आणि त्यातून डावाचा निकाल लावणारी एक सुंदर शक्यता निघते. मध्ये ‘5 कीपर्स’ हा गोल आहे आणि ‘कीपर लिमिट 4’ चालू आहे. ही परिस्थिती पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या काकांनी ठामपणे सांगितले की आता हा गोल कोणालाच गाठता येणार नाही. सासूबाईंनी चष्मा चढवून नातीला म्हटले, “वाच गं, काय लिहिलंय ते.” नातीने वाचून अर्थ सांगितला, आणि सासूबाईंनी आपल्या पाळीत पाचवा कीपर मांडून डाव जिंकला. स्वतःच्या पाळीत त्यांना मर्यादा लागूच नव्हती आणि अट पूर्ण झाली त्याच क्षणी खेळ संपला. पुढचा कितीतरी वेळ काका ते पान उलटसुलट करून वाचत होते.

‘इन्फ्लेशन’ हे पान मला संपूर्ण कॅटमध्ये सर्वांत आवडते. इतर पानांवर जिथे आकडा अंकात छापला आहे, तिथे एक मिळवायचा. तीच संख्या अक्षरांत लिहिली असेल तर तिला हात लावायचा नाही. मूळ नियमालाही हे लागू होते, त्यामुळे एक उचलून एक खेळण्याऐवजी दोन उचलून दोन खेळायची. ‘हँड लिमिट 0’ असेल तर एक पान राखता येते, ‘5 कीपर्स’साठी सहा लागतात आणि ‘10 कार्ड्स इन हँड’साठी अकरा. पाळीच्या मध्यातच हे पान पडले, तर वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे खेळणाऱ्याने लगेच आणखी एक पान उचलायचे आणि त्याला आणखी एक खेळायचे. पान छापणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी अंक वापरायचा की अक्षर, याचा विचार आधीच केलेला आहे, आणि एवढी काळजी घेतलेली दिसली की पानावरच्या मजकुरावर विश्वास बसतो. ‘प्ले ऑल बट 1’ हे पानही तसेच. हात रिकामा असताना एकच पान उचलले, तर खेळायला काहीच उरणार नाही, हे ओळखून अशा वेळी जास्तीचे एक पान उचला असे तिथेच लिहिले आहे.

जिंकण्याविषयी तीन गोष्टी आम्ही आता नव्या भिडूला आधीच सांगतो. गोल पूर्ण झाला की खेळ त्याच क्षणी संपतो, मग पाळी कोणाचीही असो. हातातला कीपर जिंकायला चालत नाही. तो समोर मांडलेलाच हवा. आणि खेळणे भाग असलेल्या पानामुळे दुसरा जिंकणार असेल, तरी ते पान खेळावेच लागते. ही तिसरी गोष्ट लहान मुलांना मनापासून पटत नाही. माझ्या मुलीच्या हातात शेवटचे पान म्हणून ‘स्क्विशी चॉकलेट’ हा गोल उरला होता, काकूंच्या समोर सूर्य आणि चॉकलेट दोन्ही मांडलेले होते आणि ते पान खेळल्याशिवाय तिची पाळी पुरी होत नव्हती. तिला वाईट वाटले, पण नियम तसाच आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण पान न खेळण्याची मुभा दिली तर ‘प्ले ऑल’सारख्या पानांना काही अर्थच उरणार नाही. दोघांच्या कीपरची संख्या सारखीच असेल, तर ‘5 कीपर्स’ या गोलवर बरोबरी सुटेपर्यंत खेळ चालू ठेवा असे स्पष्ट लिहिलेले आहे.

‘फर्स्ट प्ले रँडम’विषयी एक खुलासा करते, कारण त्याचा दुसरा भाग वाचायचा राहून जातो. आपल्या हातातले कोणतेही एक पान डावीकडच्या भिडूने न पाहता काढायचे आणि तेच आपण पहिले खेळायचे. पण पाळीच्या सुरुवातीला एकच पान खेळण्याची मुभा असेल, तर हा नियम लागूच होत नाही.

आमच्याकडे आता एकच पद्धत रूढ झाली आहे. पान खेळणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचे, कोणीतरी त्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि शंका आली तर आधी तीन प्रश्न विचारायचे: आत्ता पाळी कोणाची, या पाळीत किती पाने उचलून झाली आणि किती खेळून झाली. या पद्धतीने खेळ थोडा संथ होतो हे खरे, पण इंग्रजी सहज न वाचणाऱ्या माणसाला बरोबरीने खेळता येते, आणि हे मला वेगापेक्षा मोलाचे वाटते. सगळी पाने इंग्रजीत आहेत, ही मराठी घरासाठी मोठी अडचण आहे. मदतीला कोणी नसेल, तर ज्येष्ठ मंडळींना हा खेळ एकट्याने समजून घेणे अवघड जाईल.

काही व्यावहारिक गोष्टीही सांगायला हव्यात. मुंबईच्या पावसाळी हवेत ही पाने दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि पिसताना त्रास होतो. आम्ही ती प्लास्टिकच्या पातळ पाकिटांत घातली आणि प्रश्न सुटला. लोकलमध्ये मांडीवर बॅग ठेवून रमी खेळणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. चालू नियम, गोल आणि प्रत्येकाचे कीपर सतत सर्वांना दिसत राहावे लागतात, त्यासाठी टेबल किंवा जमिनीवर पसरलेली चादर हवीच. आयात केलेला खेळ असल्याने किंमतही साध्या कॅटच्या कित्येक पट पडते.

डाव किती वेळ चालेल याचा नेम नसतो: एखादा काही मिनिटांत संपतो, तर एखादा अर्धा तास उलटला तरी रेंगाळतो. सहा जण असले की आपली पाळी येईपर्यंत नियम आणि गोल इतके बदललेले असतात की आधी आखलेला बेत निरुपयोगी ठरतो. माझ्या मते तीन ते चार भिडूंत हा खेळ सर्वांत रंगतो. ज्यांना ब्रिजसारखी दूरवरची आखणी आवडते, त्यांना यात नशिबाचा भाग फार वाटेल, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

विकत घ्यायचा असेल तर सुरुवात 5.0 पासूनच करावी. 2007 साली आलेल्या झोंबी फ्लक्सपासून क्रीपर नावाचा आणखी एक प्रकार सुरू झाला. ते पान हाती आले की लगेच समोर मांडावे लागते, त्याबदली दुसरे पान उचलायचे असते, या मांडण्याची गणना खेळीत होत नाही, आणि गोलमध्ये तसे म्हटलेले नसेल तर क्रीपर समोर असताना जिंकता येत नाही. उचललेल्या आणि खेळलेल्या पानांचा हिशेब अंगवळणी पडला नसेल, तर हे नवे अपवाद फार गोंधळात टाकतात. तो पडला असेल, तर दोन डावांत जमतात.