विश्वामित्री चढते आहे : वरच्या मजल्यावर थांबायचं की वेळेत निघायचं?

बडोद्यातला विश्वामित्री नदीचा काठ : समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर किंवा कारेलीबागेचा नदीकडचा भाग. इथे घर असलं की ऑगस्टात एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "निघूया का?" आणि उत्तरही ठरलेलं असतं : "बघू. अजून कंपाउंडातसुद्धा आलं नाही." ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला, तेव्हा आम्ही हेच म्हणालो. २०२४ च्या ऑगस्टातही तेच म्हणालो, आणि मग चार तासांत आईला खुर्चीवर बसवून जिना चढवावा लागला. दोन्ही वेळा थांबलो होतो. यंदा इथे नदीकाठी नवीन राहायला आलेल्या एका भाच्याने विचारलं म्हणून हा हिशोब मांडतो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आकाशाकडे बघून ठरवू नका. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते. आजव्याचं सरोवर भरलं की तिकडचं पाणीही तिच्यातच येतं आणि शहराच्या मधोमध वाहत जातं. त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. २०२४ मध्ये पाऊस उघडल्यावरही ती काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर होती. आजव्याची पातळी आणि काळा घोड्याचा आकडा दर दोन तासांनी बघा. आकडा किती आहे त्यापेक्षा तो किती वेगाने वाढतो आहे, हे महत्त्वाचं.

आता थांबण्याची बाजू. ती अगदीच टाकाऊ नाही. सामान वर नेता येतं, कुलपाची काळजी नाही, म्हातारं माणूस आपल्या खाटेवर झोपतं. पण हा सगळा फायदा पहिल्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न सुरू होतो. टेनामेंटच्या (म्हणजे इथल्या बैठ्या, स्वतंत्र घराच्या) जमिनीखालच्या टाकीत पुराचं घाण पाणी शिरलं की ती गेली. त्यामुळे गच्चीवरची टाकी आधीच काठोकाठ भरून घ्या आणि खालचा पंप त्यानंतर लावूच नका, नाहीतर वरचं चांगलं पाणीही हातचं जाईल. चार माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला तीन दिवसांचे निदान ५० लिटर वेगळे भरून ठेवा. संडासाचं तर कुणी बोलत नाही. रस्त्यावरून पाणी घरात यायच्या आधी गटार उलटतं आणि खालच्या कमोडमधून वर येतं. आम्ही भांड्यात जुन्या कपड्यांचा बोळा कोंबला आणि वर वाळूची पोती ठेवली. सुंदर दिसत नाही, पण उपाय लागू पडतो.

वीज गेली की मोबाइल, पंखा, फ्रिज सगळं थंड. इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेकांच्या घरी जिन्याखाली असते, म्हणजे ती पहिली बुडते. मेन स्विच पाणी यायच्या आधी, कोरड्या हाताने बंद करायचा. पाण्यात उभं राहून नाही. सिलिंडरकडे तर आमचं लक्षच नव्हतं. १४.२ किलोचा भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यात तरंगतो, कारण त्याचं एकूण वजन तो जेवढं पाणी बाजूला सारतो त्यापेक्षा कमी असतं. तो बांधून तरी ठेवा नाहीतर वर न्या.

निघण्याची बाजू सांगायला सोपी आणि करायला अवघड. पाणी आलंच नाही तर लोक हसतात, रिक्षाचे पैसे वाया जातात, आणि बहिणीकडे तीन दिवस राहायचं म्हणजे तिच्या सुनेचा चेहरा बघावा लागतो. तरीही हा तोटा दुसऱ्या बाजूच्या तोट्यापुढे काहीच नाही. मात्र हे सगळं वेळेत निघालात तरच. वाहतं पाणी फूटभर झालं की लहान गाडी उचलली जाऊ शकते. तोवर वाट पाहिली असेल, तर निघणं हे थांबण्यापेक्षा जास्त धोक्याचं. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊ नका. इंजिनमध्ये पाणी शिरून ते बसलं, तर नुसत्या थर्ड-पार्टी विम्यात काही मिळत नाही, आणि संपूर्ण विम्यातही इंजिनसाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर बहुधा नाहीच.

जाणार कुठे, हेही आधीच ठरवा. नदी शहर कापून जाते आणि पूर आला की पूल बंद होतात. अकोट्याच्या माणसाने दांडिया बाजारातल्या मावशीच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. आपल्याच काठावरचं, उंचावरचं घर शोधा. शाळेतल्या आसरा केंद्रांचाही पर्याय असतो, पण औषधं बरोबर घेऊनच जा.

माझं मत असं : घरात डायलिसिसचा पेशंट, तान्हं मूल किंवा खाटेवरचं माणूस असेल, तर आकडा भराभर चढू लागताच ते पहिल्या फेरीत निघावेत, आणि ही फेरी दिवसाउजेडी व्हावी. इन्शुलिन घेणाऱ्यांना थोडी सवड असते, कारण उघडलेली बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण ३० अंशांच्या आतच. वर स्वतःचा पक्का मजला असलेली, धडधाकट दोन माणसं थांबू शकतात. तळमजल्यावर एकटा भाडेकरू असेल, तर त्याने तुलना न करता निघावं.

परत येतानाचा भाग दोघांनाही सारखाच. पाणी ओसरलं की कंपाउंडात काठीने आपटत जा. २०२४ मध्ये तीन दिवसांत शहराच्या वस्तीतून २४ मगरी पकडल्या गेल्या. मगर दिसली तर दगड मारू नका, वनखात्याला कळवा. चिखल काढताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

आमच्या घरी यंदा तोडगा निघाला आहे. आई, औषधांचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी पहिल्या फेरीत बहिणीकडे. मी वर थांबणार. बायको म्हणते, हे सामानासाठी नव्हे, क्रिकेटच्या मॅचसाठी. वीज असेल तर.