असाडोरा बघावा की रात्रीचा ड्रामा? जपानला नवीन आलेल्यांसाठी

दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास आपल्या लोकांची एक नवी बॅच टोकियोत उतरते, भारतीयांच्या वस्तीच्या निशिकासाई भागात घर घेते, आणि मग त्यातलं कोणी ना कोणी विचारतंच की टीव्हीवर काय बघू, जपानी कानावर पडायला हवंय आणि कंटाळाही यायला नको. अ‍ॅनिमे नको हे मी आधीच सांगून टाकतो. बघायला मस्त असतं, पण त्यातलं बोलणं जसंच्या तसं ऑफिसमध्ये वापरलंत तर शेजारच्या डेस्कवरचा माणूस खुर्ची मागे सरकवेल. मग उरतात दोन गोष्टी. एक, एनएचके या सार्वजनिक वाहिनीचा असाडोरा, म्हणजे सहा महिने चालणारी सकाळची मालिका, आठ ते सव्वाआठ. दुसरा, खाजगी चॅनलवरचा रात्री नऊ-दहाचा ड्रामा, आठवड्यातून एकदा. दोन्ही काय असतं हे तुम्हाला साधारण माहीत असेलच, त्यामुळे मी थेट मुद्द्यावर येतो. मी दोन्ही बरेच बघितलेत, अजूनही बघतो, पण नव्या माणसाला एकच सुचवायचा असेल तर माझं मन कुठे झुकतं ते सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

आधी रात्रीच्या ड्राम्याबद्दल, कारण खरं कौतुक तिथेच जास्त करावं लागतं. दहा-अकरा एपिसोड, तीन महिने, संपला. आपण ज्या मालिका बघत मोठे झालो त्यात नुसती हळदच दोन आठवडे चालते, लीप येतो, हिरोईन बदलते, मेलेला माणूस परत येतो, त्यामुळे जानेवारीत सुरू झालेली गोष्ट मार्चमध्ये खरोखर संपते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. लेखनही दणदणीत असतं. नोगी आकिको या लेखिकेचं नाव लक्षात ठेवा. २०१६ चा निगेहाजी तिने लिहिला, त्यात नोकरी न मिळालेली एक हुशार मुलगी एका एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरच्या घरी पगारी घरकाम करते आणि पुढे ते दोघं कागदोपत्री लग्न करतात, तेही पगार, कामाचे तास, सुट्टी सगळं ठरवून. वरवर रोमँटिक कॉमेडी, पण घरातल्या कामाची किंमत काय हा प्रश्न इतक्या हसतखेळत कोणी विचारलेला मी तरी बघितला नाही. शेवटच्या गाण्यावरचा तो नाच तेव्हा सगळा जपान करत होता. नंतर २०१८ चा अननॅचरल, अनैसर्गिक मृत्यूंचा शोध घेणारी लॅब, दर आठवड्याला नवीन केस, दहा एपिसोड. तोही तिचाच.

आणि रविवारी रात्री नऊची टीबीएस या खाजगी चॅनलची वेळ. ती म्हणजे ऑफिसवाल्या पुरुषांची आरती. २०१३ मध्ये हान्झावा नाओकीच्या शेवटच्या एपिसोडला कांतो भागात, म्हणजे टोकियो आणि आसपास, ४२.२ टक्के रेटिंग मिळालं होतं, इतक्या अलीकडच्या काळात ड्राम्याला हा आकडा म्हणजे कमालच. बँकेतला एक अधिकारी, वरिष्ठांनी त्याच्यावर ढकललेलं बुडीत कर्ज, आणि मग तो एकेकाचा हिशोब चुकता करतो, तोही दुपटीने. इथे ऑफिसात महिना काढलेल्या कोणालाही तो ड्रामा बघून आतून गार वाटेल.

पण.

हान्झावा बघताना मला जे झालं ते सांगतो, आणि माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. बँक आहे, म्हणजे पडद्यावर एका वेळी गडद सूटमधले दहा-बारा पुरुष. एकाच माणसाला बायको एका नावाने हाक मारते, कॉलेजचा मित्र आडनावाने, हाताखालचे लोक पदाने, आणि पद असं की शितेनचो म्हणजे ब्रँच मॅनेजर, पण दुसऱ्या सीनमध्ये दुसऱ्याच ब्रँचचा शितेनचो असतो. ओवादा हा मुख्य व्हिलन, त्याला सगळे जोमु, म्हणजे बँकेतला वरिष्ठ संचालक, म्हणतात. कोणी नुसतंच 'वरून आदेश आलाय' म्हणतं, तेव्हा वर म्हणजे नक्की कोण हे आपल्याला आठवायचं असतं. रविवारी रात्री दहापर्यंत मला सगळं पाठ असायचं. कोण कोणाच्या बाजूचा, कोणाला शुक्कोची, म्हणजे दुसऱ्या कंपनीत धाडून द्यायची धमकी मिळालीय, कोणाकडे वही आहे, सगळं. मग सोमवार उजाडायचा, रिलीज, मीटिंग, भारतातल्या टीमचे कॉल, खऱ्या ऑफिसमधले खरे बुचो आणि काचो, म्हणजे विभागप्रमुख आणि सेक्शन मॅनेजर, आणि पुढच्या रविवारी नऊ वाजता मी बसलोय आणि पडद्यावर एक माणूस टेबलावर हात आपटून ओरडतोय आणि मला हा कोण हेच माहीत नाही. सुरुवातीला मागच्या भागाची झलक असते, पण ती आधीच आठवत असलेल्यांसाठी असते, एका मिनिटात वीस चेहरे भर्रकन जातात. जपानी माणसाचं असं होत नसणार, त्याच्या कानाला आडनाव एकदा ऐकलं की चिकटतं, आपल्याला सातो, साइतो, सासाकी हे आठ दिवसांनी एकच वाटायला लागतात. २०२३ चा व्हिव्हान्त तर याच्याही वरचा, अर्धी गोष्ट परदेशात, कोण नेमका कुणासाठी काम करतोय हे मुद्दामच लपवलेलं, तिथे मी सरळ कागद घेऊन बसत होतो. मजा आली, नाही असं नाही, पण करमणुकीसाठी टिपणं काढायची म्हणजे जरा जास्तच झालं.

यावर कोणी म्हणेल की मग संपल्यावर स्ट्रीमिंगवर सलग बघ ना. बघता येतो, आणि आठवडाभराच्या गॅपचा प्रश्न खरंच सुटतो. पण मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमध्ये ज्या गप्पा होतात त्या गेल्या, आणि मुख्य म्हणजे हाताशी इंग्रजी सबटायटल असतात, ती एकदा लावली की कान बंदच होतात, निदान माझे तरी होतात. फुकट बघायला टीव्हर हे खाजगी चॅनल्सचं अ‍ॅप आहे, पण त्यावर बहुतेक एपिसोड आठवडाभरच राहतात, तुम्ही गणपतीला घरी गेलात की भारतातून तो चालत नाही आणि परत येईपर्यंत दोन एपिसोड उडालेले असतात.

आता असाडोरा. आठला सुरू, सव्वाआठला बंद, दुसऱ्या दिवशी परत. काल सकाळी जो काका रुसून बसला होता तो आज सकाळी त्याच कोपऱ्यात बसलेला असतो, मधे फक्त एक रात्र गेलेली असते, त्यामुळे विसरायला वेळच मिळत नाही. नावं आपोआप बसतात. शिवाय गोष्ट बहुतेक वेळा एका घराची, एका गल्लीची, जेवणाच्या टेबलाभोवतीची, म्हणजे कानावर पडतं ते रोजच्या वापरातलं. आणि निवेदन असतं, मागून एक आवाज शांतपणे सांगतो की हा तो, ज्याने मागे पैसे नेले होते. मुरलेल्या प्रेक्षकांना हे निवेदन खटकतं, सगळंच काय सांगायचं म्हणून, पण ते उगाच आलेलं नाही. १९६१ मध्ये हा प्रकार सुरू झाला तो टीव्हीवरची क्रमशः कादंबरी म्हणून, आजही त्याचं अधिकृत नाव तेच आहे, आणि सकाळच्या घाईत भांडी घासताना नुसतं ऐकूनही कळावं अशी त्याची बांधणी. आपल्यासारख्या अर्धवट भाषा येणाऱ्याला हे वरदानच आहे, मी शर्टाला इस्त्री करता करता ऐकतो.

रिमोटवर जिमाकूचं बटण असतं ते मात्र दाबा. जपानीच सबटायटल येतात, आणि मुख्य पात्राचं बोलणं पिवळ्या रंगात, दुसऱ्या-तिसऱ्याचं निळसर-हिरव्या रंगात. कोण बोलतंय हे रंगावरून कळतं, कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, अर्धी सुटली तरी चालतं. रात्रीच्या ड्राम्यालाही ही सोय असते, पण तिथे बोलायचा वेग असा की वाचेपर्यंत पुढची ओळ आलेली असते. एनएचकेवर मधे जाहिराती नसतात हा आणखी एक फायदा, खाजगी चॅनलवर ऐन थरारात जाहिरात येते आणि परत आल्यावर तेच वीस सेकंद पुन्हा दाखवतात.

गोष्टीही हलक्याफुलक्या असतात असं समजू नका. २०२४ चा तोरा नी त्सुबासा जपानच्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक, पुढे न्यायाधीश झालेल्या मिबुची योशिको यांच्या आयुष्यावरून घेतलेला. नायिका नदीकाठी बसून वर्तमानपत्रात छापलेली नवी राज्यघटना वाचतेय, समानतेचं चौदावं कलम, इथून तो सुरू होतो. आपल्याही घटनेत समानतेचं कलम चौदावंच आहे, त्यामुळे मला ते पहिल्याच दिवशी जवळचं वाटलं. कायद्याचे शब्द अवघड होते पण रोज रोज तेच ऐकून महिन्याभरात सरावाचे झाले. त्याच्या आदल्या वर्षीचा रानमान एका वनस्पतिशास्त्रज्ञावर होता, माकिनो तोमितारो यांच्यावरून, आणि प्रत्येक आठवड्याचं शीर्षक एका झाडाझुडपाचं नाव. तो चालू असताना मी स्टेशनला जाताना फुटपाथच्या फटीतलं गवत बघत जायचो, ट्रेन चुकायची. आणि जुन्यांत ओशिन आहेच, १९८३ ते ८४, सरासरी रेटिंग ५२.६ टक्के, सगळ्यात जास्त ६२.९. आमच्या बिल्डिंगची देखरेख करणाऱ्या कान्रिनिन काकांना मी ओशिन बघितलंय म्हटल्यावर त्यांनी मला कचरा वर्गीकरणाचे नियम पहिल्यांदा हसून समजावले.

आणखी एक मजा म्हणजे सव्वाआठला लगेच असाइची हा कार्यक्रम लागतो आणि त्याचे निवेदक आत्ता संपलेल्या एपिसोडवर दोन शब्द बोलतात, कधी कधी डोळे पुसत. आपण जे बघितलं ते बरोबर कळलं का याची ती फुकटची परीक्षा.

तोटे आहेतच, लपवत नाही. सहा महिने म्हणजे साधारण सव्वाशे-एकशेतीस एपिसोड, आणि मधला दीड महिना हमखास रेंगाळतो, त्याबद्दल जपानी लोकही कुरकुर करतात. नायिका बहुतेक वेळा हसरी, हट्टी, सगळ्यांना जोडून घेणारी, लागोपाठ दोन असाडोरा बघितले की थोडं अजीर्ण होतं. काळ जुना असेल तर युद्ध येणार, घरातल्या कुणाला तरी बोलावणं येणार, आणि तुम्ही डोळे लाल करून तोझाई लाईनच्या मेट्रोच्या गर्दीत शिरणार. वय वाढवताना केसांना थोडी पांढरी छटा लावली की झाली पन्नाशी, चेहरा तसाच. म्हणून २०११ चा कार्नेशन मला मोठा वाटतो, त्यात शेवटच्या महिन्यात म्हातारपणासाठी सरळ दुसरी अभिनेत्री आणली, लोक नाराज झाले पण धाडस केलं. मात्र कार्नेशन पहिला म्हणून नका घेऊ, ओसाकाजवळच्या किशिवादाची बोली आहे, माझ्या डोक्यावरून गेली होती. साधारणपणे एप्रिलमध्ये सुरू होणारा असाडोरा टोकियो केंद्राचा आणि ऑक्टोबरचा ओसाकाचा, आणि ओसाकाच्या हंगामात कान्साईची, म्हणजे ओसाका भागातली, बोली जास्त असते, तेवढं बघून घ्या. टोकियोचेही दर वेळी प्रमाण भाषेतले नसतात, रानमानची सुरुवात कोची या दूरच्या प्रांतातली होती, पण निवेदन सावरून नेतं.

एक व्यवहाराची गोष्ट. भारतातल्या टीमबरोबर काम असेल तर तुम्हाला माहीतच आहे, त्यांचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपले रात्रीचे नऊ, आणि साडेपाचलाच सगळ्यांना महत्त्वाचं काहीतरी आठवतं. आठवड्याच्या दिवशी नऊ-दहाचा ड्रामा वेळेवर बघायला मिळणं अवघड. सकाळी आठला मात्र भारतात पहाटेचे साडेचार असतात, तेव्हा कोणी फोन करत नाही. आठ चुकलंच तर त्याआधी साडेसातला बीएस या उपग्रह चॅनलवर आणि दुपारी पावणेएकला पुन्हा दाखवतात. टीव्ही घेतला असेल तर एनएचकेची फी द्यावीच लागते, साधी म्हटली तरी महिना १,१०० येन, मग वसूल तरी करा.

ज्यांना अजिबातच सकाळ जमत नाही, किंवा ज्यांना सहा महिने हा शब्द ऐकूनच धाप लागते, त्यांनी अननॅचरलपासून सुरुवात करावी, केस त्याच एपिसोडमध्ये संपते, त्यामुळे मागच्या आठवड्याचं विसरलं तरी फारसं अडत नाही. हान्झावा वर्षभराने बघा, तोपर्यंत पदांची उतरंड अंगवळणी पडलेली असेल. बाकीच्यांना माझं सांगणं असं की नवीन असाडोरा ज्या सोमवारी सुरू होतो, मार्चअखेर-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर, त्या दिवशी बसा, पहिले एक-दोन आठवडे बऱ्याचदा नायिकेचं लहानपण असतं, तिथली भाषा सगळ्यात सोपी. मधेच आला असाल तर २०२० पासून शनिवारी आठवड्याचा सारांश असतो, एका शनिवारी तो बघा आणि सोमवारपासून चालू करा.