तीन दिवसांचं हीलिंग रिट्रीट (आजाऱ्यांसाठी चर्चचं प्रार्थना-शिबिर), आईला घेऊन गेलो होतो त्याचा अनुभव

आईला कंपवात आहे, सात वर्षं झाली, उजवा हात सतत थरथरतो, चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं सांडतं. वर्षभर ती मागे लागली होती, मला एकदा हीलिंग रिट्रीटला ने रे, आणि मी टाळत होतो कारण स्टेजवरचा आरडाओरडा बघून मलाच धास्ती वाटते. शेवटी गेलो. सेंटरचं नाव लिहीत नाहीये, एक तक्रार आहे आणि तिथल्या फादरांनी आईसाठी जे केलं त्यानंतर नाव घेऊन बोलायला मन होत नाही.

सोय चांगली आहे, व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे. सकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना), प्रवचन, मिस्सा (चर्चची मुख्य उपासना), दुपारी कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली), संध्याकाळी आराधना. साऊंड मात्र फार मोठा, आजारी माणसांना सोसत नाही, पुढच्या रांगेत बसूच नका.

दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांचा तैलाभ्यंग होता, म्हणजे फादर तेल लावून प्रार्थना करतात तो संस्कार. आई आदल्या रात्री घाबरली, म्हणाली मला एवढ्यात शेवटचं तेल कशाला, मी काय मरायला टेकलेय का. आपल्यातल्या कितीतरी घरांत अजून हाच समज आहे आणि त्यापायी लोक फादरांना बोलवतच नाहीत, पेशंट बेशुद्ध झाला की मग धावाधाव. फादरांनी हे इतकं नीट समजावलं की त्यासाठी तरी इथे जावं. हा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही, गंभीर आजार असेल, म्हातारपणाने थकवा आला असेल, मोठं ऑपरेशन असेल तर घ्यावा, आणि आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच म्हटलं की याला शेवटचा अभ्यंग म्हणण्यापेक्षा आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणं बरं, आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी नव्याने ठरवून दिला. मुळात बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच आहे, कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, ते तेल लावून प्रार्थना करतील.

फादरांकडे छोटीशी डबी होती, आत तेलात भिजलेला कापूस. कपाळावर क्रूस काढला, मग तळहात. आईचा उजवा हात काही थांबेना, ती ओशाळून सॉरी फादर म्हणायला लागली, तर त्यांनी डबी बाजूला ठेवली, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसते उभे राहिले. मागे एवढी मोठी रांग, पण घाई नाही. थरथर जरा मंदावली तेव्हा तेल लावलं. आईने दुपारपर्यंत तो हात धुतला नाही.

आता तक्रार. त्याच रात्री एक स्वयंसेवक बाई आईला म्हणाल्या, विश्वास असेल तर गोळ्या बंद करून बघा. आईने मला न सांगता रात्रीची गोळी चुकवली, सकाळी अंग लाकडासारखं, कूससुद्धा वळता येईना. कंपवाताची औषधं अशी एकदम सोडणं किती धोक्याचं असतं! मी तडक फादरांकडे गेलो, त्यांनी माफी मागितली आणि मिस्साच्या आधी माईकवरून स्पष्ट सांगितलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही औषध सोडायचं नाही. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

शेवटच्या दिवशीच्या साक्षीही, म्हणजे बरं झाल्याचे लोकांनी सांगितलेले अनुभव, मला पटल्या नाहीत. गुडघा कालपासून दुखत नाही म्हणून लगेच चमत्कार? फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, हजारो दावे आले, त्यातले सत्तरच्या आसपासच चर्चने चमत्कार मानलेत, तेही वर्षानुवर्षं तपासून. आणि जिला तिथे मरियामातेचं दर्शन झालं ती बर्नादेत स्वतः 35 व्या वर्षी आजारपणातच गेली. व्हॅटिकनने 2000 साली हीलिंगच्या प्रार्थनासभांसाठी नियम काढले त्यातही नाटकीपणा आणि उन्माद नको असं साफ लिहिलंय.

मग आई बरी झाली का? हात थरथरतोच. पण कन्फेशननंतर तिने मला स्वतःहून सांगितलं की दोन वर्षं ती कम्युनियनला उठतच नव्हती, हातातून होस्त (कम्युनियनची पवित्र भाकर) खाली पडेल, आणि हनुवटीही हलते म्हणून जिभेवर घ्यायची लाज वाटायची. मला वाटायचं तिला चालवत नाही म्हणून मागे बसते. दोन वर्षं शेजारी बसून मला कळलं नाही. त्या दिवशीच्या मिस्साला फादर तिच्या बाकापाशी आले, वाकले आणि तिच्या जिभेवर होस्त ठेवला. आता घरी दर रविवारी ती पुढच्या बाकावर बसते.

पाचपैकी चार स्टार. पुढच्या वेळी मावशीलाही नेणार आहोत, आईनेच तिला फोन करून सांगितलंय, गोळ्यांचा डबा बॅगेत अगदी वर ठेव.