जुन्या ॲम्बेसेडरला १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप: उन्हाळ्यातल्या आयडलवर कितपत उतारा?

एप्रिल-मे लागला की कार्बोरेटरवाल्या ॲम्बेसेडरची तक्रार ठरलेली. सकाळी गाडी शिस्तीत चालते. दुपारी सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की आयडल (गाडी उभी असताना इंजिनाची मंद चाल) डगमगतो, इंजिन बंद पडतं, आणि मग स्टार्टर मारता मारता बॅटरी उतरते. यावर हल्ली सर्रास सुचवला जातो तो टाकीतून पेट्रोल पुरवणारा छोटा चौकोनी इलेक्ट्रिक पंप. हजार-दोन हजारांत मिळतो, खोक्यात पंप, दोन रबरी बुश, एक फिल्टर, नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा असतात. १४८९ सीसीच्या, एसयू कार्बोरेटर असलेल्या गाड्यांच्या हिशेबाने हा आढावा आहे. सोलेक्स या दुसऱ्या बनावटीचा कार्बोरेटर असलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

निकाल आधीच सांगून टाकतो: पंप चांगला आहे, पण गरम आयडल बिघडण्याच्या चार-पाच कारणांपैकी तो एकच कारण दूर करतो. बाकीच्यांत त्याचा उपयोग शून्य, आणि एका कारणात तर तो दुखणं वाढवतो. म्हणून पैसे टाकण्याआधी अर्धा तास निदानाला द्या.

गाडी पूर्ण तापू द्या, आयडल बिघडू द्या आणि मग चोक (मिश्रणात पेट्रोल वाढवणारी खुंटी) अर्धा सेंटीमीटर ओढा. इंजिन सावरलं तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय किंवा हवा जास्त शिरतेय. आणखी बिघडलं, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. एसयूमध्ये याहून नेमकी खूण मिळते. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेली पिन बोटाने हलकेच वर दाबून कार्बोरेटरच्या आतला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. आरपीएम क्षणभर वाढून जागेवर आले तर मिश्रण बरोबर, वाढून तसेच राहिले तर जाड (पेट्रोल जास्त), इंजिन लगेच बसलं तर पातळ. ही चाचणी गार आणि गरम अशा दोन्ही वेळा करा. गार असताना बरोबर आणि गरम झाल्यावर पातळ, असं आलं तरच पंपाचा विचार करायचा.

तेव्हाही लगेच नाही. पातळ मिश्रणाची दोन कारणं आधी बाद करा. एक म्हणजे थ्रॉटल स्पिंडलची (ॲक्सिलरेटरने फिरणाऱ्या कार्बोरेटरच्या झडपेच्या दांडीची) झीज: स्पिंडल दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर तिथून हवा शिरतेय आणि कुठलाच पंप ती थांबवणार नाही. दुसरं मॅनिफोल्डचं (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्याचं) पॅकिंग. ते तपासायला कार्ब क्लीनरचा फवारा मारतात, पण या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच बाजूला, कार्बोरेटरच्या खालीच आहे. तापलेल्या इंजिनावर फवारा मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो: पाणी पडल्यावर आवाज बदलला तर गळती तिथेच.

आता मूळ संशयित. इंजिनाला चिकटलेला एसी पंप (वातानुकूलनाशी याचा काही संबंध नाही, मेकॅनिक लोक यांत्रिक पंपाला असंच म्हणतात) टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढलेल्या नळीत दाब कमी असतो, म्हणून तिथे पेट्रोल लवकर उकळतं आणि पंप वाफच ढवळत बसतो. 'पंपाने एअर धरली' म्हणतात ते हेच. इथे घाटातला जुना उपाय हीच उत्तम चाचणी आहे: एसी पंपावर ओलं फडकं टाका. मिनिट-दोन मिनिटांत गाडी ताळ्यावर आली आणि पारदर्शक फिल्टरमध्ये आधी बुडबुडे दिसत होते, तर निदान पक्कं.

इलेक्ट्रिक पंप इथे खरंच काम करतो. तो टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवला की पुढची सगळी नळी दाबाखाली येते आणि दाबाखालचं पेट्रोल उशिरा उकळतं. लोक मात्र सोय म्हणून तो बॉनेटखालीच बसवतात. तिथे तो एसी पंपाइतकाच निरुपयोगी.

गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत नसेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर दुखणं वेगळं आहे. फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उकळून जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. अशा वेळी चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. या दुखण्यात नवा पंप उलट तापदायक, कारण बंद केल्यावरही नळीतला दाब टिकतो आणि नीडल व्हॉल्व्हमधून (फ्लोट चेंबरच्या तोंडावरच्या झडपेतून) पेट्रोल आत ढकलतो. इलाज आहे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला बेकलाइटचा जाड ठोकळा. बऱ्याच गाड्यांत तो तडकलेला असतो, नाहीतर कधीतरी काढून नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं असतं. ठोकळा, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग आणि अॅल्युमिनियमचा उष्णतारोधक पत्रा, एवढं आधी करा.

पंपाच्या खोक्यावर दाब ३ ते ५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असा छापलेला असतो. एसयूचा नीडल व्हॉल्व्ह ३ पीएसआयच्या वर भरवशाचा राहत नाही, फ्लोट चेंबर ओसंडू लागतं. म्हणून दाब नियंत्रक वेगळा घेऊन तो अडीचवर लावा आणि टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेजने खात्री करा. पुरवठा पाहायला कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा (इंजिन गार असताना): मिनिटात अर्धा लिटर आलं तर या इंजिनाला भरपूर झालं.

नियंत्रकाच्या पुढे टी टाकून १ मिलिमीटर छिद्रातून थोडं पेट्रोल टाकीकडे परत पाठवलं तर सोन्याहून पिवळं. पेट्रोल फिरतं राहतं, वाफ टाकीत जाते आणि बंद केल्यावर दाबही उतरतो. हा टी किटमध्ये सहसा मिळत नाही, आणि खरा फरक त्यानेच पडतो.

खोक्यातला नळीचा तुकडा फेकून द्या. त्यावर कसलीच खूण नसते आणि आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे साधं रबर मऊ पडून सुटू लागतं. एसएई जे३०आर९ छापलेली नळी घ्या. याच इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ होतं, म्हणून एसयूचा जेट नट एक-दोन फ्लॅट (षटकोनी नटाच्या बाजू) फिरवून खाली घेणं बहुतेक गाड्यांना मानवतं. काही गाड्यांचं गरम आयडल एवढ्यावरच सुधारतं, पंप लागतच नाही. फिल्टर पंपाच्या आधी जाळीचाच हवा. तिथे बारीक कागदी फिल्टर लावला तर ओढताना पुन्हा वाफ होते.

एसी पंप जागेवर ठेवून मागे इलेक्ट्रिक लावायचा असेल तर आधी डिपस्टिकचा वास घ्या. डायफ्रॅम (एसी पंपातला लवचीक पडदा) फाटलेला असेल तर नवा पंप पेट्रोल थेट ऑइलमध्ये ढकलेल. एसी पंपच काढून पत्रा व पॅकिंग लावून जागा बंद करणं जास्त सुरक्षित.

वायरिंगमध्ये रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा स्विच) आणि ५ ॲम्पिअरचा फ्यूज लागतो. अपघातात इंजिन थांबलं तरी इग्निशन चालू असेपर्यंत पंप पेट्रोल ओतत राहतो, तेव्हा ऑइल प्रेशर स्विचमधून रिले चालवा. डॅशबोर्डवरच्या दिव्याचा स्विच यासाठी चालत नाही. दाब नसताना तो जोडला जातो, आपल्याला हवा उलटा. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) फार जुन्या गाडीत हा पंप सरळ लावला तर जळू शकतो.

आणि हे सगळं करूनही गरम झाल्यावरच मिसिंग येत असेल, चोकने काहीच फरक पडत नसेल, तर पेट्रोलचा नाद सोडा, दोष इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगीच्या बाजूला आहे. कंडेन्सर बदला, पॉइंटचा गॅप ०.४० मिलिमीटर ठेवा आणि कॉइल तापलेली असतानाच स्पार्क बघा. गार झाल्यावर बघाल तर तो निळाशार दिसेल आणि पुन्हा पंपावर संशय जाईल.