स्कॅन फुकट, सफाईला पैसे: हे अँटी-स्पायवेअर घेऊ नका

मालवण-गुहागरकडे होमस्टेच्या बुकिंगच्या कॉम्प्युटरवर हा प्रकार हमखास दिसतो: कोपऱ्यात लाल चौकट, 'शेकडो धोके सापडले', आणि सोबत अँटी-स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम शोधणारं सॉफ्टवेअर घ्यायचा आग्रह. यादी उघडून बघा. बहुतेक नोंदी साध्या कुकीजच्या असतात. कुकी म्हणजे ब्राउझरने साठवलेली छोटीशी माहिती, ती प्रोग्रॅमसारखी चालत नाही. तिला 'गंभीर धोका' म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. 'काढून टाका' दाबलं की कार्डाचा नंबर मागतात. अशाच घाबरवण्याबद्दल २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २.६ कोटी डॉलर भरायचं कबूल करावं लागलं.

पुष्कळदा ती चौकट म्हणजे कुठल्याशा साइटचं नोटिफिकेशन असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी नावं काढा. मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात, म्हणून काम आधी सेव्ह करा. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, लॅपटॉप चार्जिंगला लावूनच ठेवा.

पैसे भरले असतील तर नुसतं सॉफ्टवेअर काढून ऑटो-रिन्यूअल थांबत नाही. बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी) रद्द करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.