वेस्नॉथचा नकाशा एडिटर आणि ॲड-ऑन सर्व्हर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा षटकोनी घरांच्या पटावर फेरीफेरीने खेळायचा डावपेचांचा खेळ. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला, मुक्त स्रोत, फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालणारा. खेळासोबतच नकाशा एडिटर येतो आणि तयार झालेला नकाशा खेळाच्या आतूनच ॲड-ऑन सर्व्हरवर, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या गोष्टींच्या साठ्यात, चढवता येतो. आठ महिने दोघांचे आणि चौघांचे मल्टिप्लेअर नकाशे बनवून, चढवून आणि दुरुस्त करून झाल्यावर लिहिलेला हा अनुभव खेळाच्या १.१८ या आवृत्ती-मालिकेचा आहे. कॅम्पेन (कथेची सलग मोहीम) लिहिणं हा निराळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

मत आधीच सांगायचं तर एडिटर चित्र काढायला फार चांगला आहे. पण नकाशा दोन्ही बाजूंना न्याय्य आहे का, हे तो सांगत नाही. ते गणित ज्याचं त्याने करावं लागतं, आणि सर्व्हरवरच्या बहुतेक कच्च्या नकाशांचं घोडं तिथेच अडतं.

एडिटरची सवय दोन दिवसांत होते. डाव्या बटणाने एक भूप्रदेश रंगवता येतो, उजव्याने दुसरा. शिफ्ट दाबून रंगवलं की फक्त खालचा थर बदलतो, म्हणजे जंगल जागेवर ठेवून त्याखालचं गवत बर्फाचं करता येतं. कंट्रोल दाबून एखाद्या घरावर क्लिक केलं की तिथला भूप्रदेश ब्रशमध्ये येतो. या दोन कळांनी निम्मा वेळ वाचतो. मोठ्या नकाशावर संगणक अडखळायला लागला तर मेन्यूतून कडांचं आपोआप होणारं मिश्रण बंद करून ठेवावं आणि शेवटी एकदाच चालू करून बघावं.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे नकाशाची फाइल साध्या मजकुराची असते. एक ओळ म्हणजे पटाची एक आडवी रांग, आणि प्रत्येक घराला स्वल्पविरामाने तोडलेली छोटी खूण: हिरव्या गवताला ‘जीजी’, उथळ पाण्याला ‘डब्ल्यूडब्ल्यू’, टेकडीला ‘एचएच’. त्यामुळे नकाशा गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवला की कोणत्या आवृत्तीत नेमकं कोणतं घर बदललं ते दिसतं. हाताने फाइल बदलताना एक विसरू नये. पटाभोवती एका घराची किनार असते आणि तीही फाइलमध्ये लिहिलेली असते. ४० बाय ३० चा नकाशा फाइलमध्ये ४२ बाय ३२ असतो. हे ध्यानात न घेता मोजत गेलं की सगळं एका घराने सरकतं.

आता समतोलाकडे. दोघांचा नकाशा करताना अर्धा रेखाटून तोच उलटवून उरलेल्या अर्ध्यात चिकटवायचा, ही सगळ्यांची पहिली कल्पना. षटकोनी पटावर ती जशीच्या तशी चालत नाही, कारण सम क्रमांकाचे स्तंभ विषम स्तंभांपेक्षा अर्ध्या घराने खाली असतात. आरशातल्यासारखं डावं-उजवं प्रतिबिंब हवं असेल तर रुंदी विषम ठेवावी, म्हणजे विषम स्तंभ विषमावरच पडतो. पट १८० अंशांत फिरवून समतोल साधायचा असेल तर रुंदी सम ठेवावी. मग पहिला स्तंभ शेवटच्यावर आणि पहिली रांग शेवटच्या रांगेवर तंतोतंत बसते. हीच फिरवाफिरवी विषम रुंदीवर केली की सम स्तंभांतलं सगळं एका रांगेने घसरतं. मग एका बाजूच्या गावाला तीन घरांतून भिडता येतं आणि दुसऱ्या बाजूच्या गावाला चार घरांतून. डोळ्यांना हे जाणवत नाही, पाचव्या-सहाव्या डावात मात्र खेळणाऱ्याला नक्की जाणवतं. म्हणून रुंदी पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी. नंतर डावीकडे पट वाढवायची वेळ आलीच तर स्तंभ सम संख्येनेच वाढवावेत, नाहीतर सगळ्या स्तंभांचं सम-विषम बदलतं.

दुसरं गणित किल्ल्याचं. सेनापती बालेकिल्ल्याच्या घरावर उभा असेल तरच भरती होते, आणि नवे सैनिक त्याला जोडलेल्या किल्ल्याच्या घरांतच उतरतात. मल्टिप्लेअरमध्ये सुरुवातीला साधारणपणे १०० सोनं मिळतं. ओर्क ग्रंट १२ ला, भालाईत १४ ला, जादूगार २० च्या आसपास. म्हणजे पहिल्या फेरीत पाच-सहा सैनिक सहज निघतात, ओर्कांचे त्याहून जास्त. किल्ल्याला चारच घरं दिली तर कोणाचंच सोनं पहिल्या फेरीत संपत नाही, आणि स्वस्त सैनिकांची फौज सगळ्यात जास्त अडते. निदान सहा घरं द्यावीत. सुरुवातीची जागा बालेकिल्ल्यावर न ठेवता शेजारच्या साध्या किल्ल्याच्या घरावर ठेवणं ही फार सामान्य चूक आहे. डाव सुरू होतो आणि सेनापतीला आधी बालेकिल्ल्यावर गेल्याशिवाय भरती करता येत नाही.

गावांचा हिशेब याहून नाजूक. मल्टिप्लेअरच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक गाव दर फेरीला २ सोनं देतं आणि सैन्याच्या एका पातळीचा पोटखर्च उचलतं (सैनिक जितक्या पातळीचा, तितकं सोनं त्याला दर फेरीला लागतं). गावांवाचून मिळकत फक्त २. म्हणजे फौज मोठी असताना एक गाव गेलं की मिळकत २ ने घटते आणि खर्च १ ने वाढतो: दर फेरीला ३ चा फटका. ते गाव समोरच्याच्या हाती गेलं तर दोघांमधला फरक ६ पर्यंत जातो. पाच-सहा फेऱ्यांत दोन सैनिकांचं सोनं निघून जातं. त्यामुळे मधोमध एकटं गाव ठेवून ‘दोघांनी त्यासाठी लढावं’ असं म्हणणं धोक्याचं, कारण ज्याची पाळी आधी तो तिथे आधी पोहोचतो. मध्यावर गावं ठेवायचीच तर जोडीने ठेवावीत, एक याच्या बाजूला आणि एक त्याच्या.

गाव ताब्यात घेतलं की त्या सैनिकाची त्या फेरीतली चाल संपते. एका फेरीत एकाने दोन गावं घेणं शक्यच नाही. म्हणून किल्ल्याजवळची गावं वेगवेगळ्या दिशांना आणि तीन ते पाच घरांच्या अंतरावर ठेवावीत. बहुतेक पायदळाच्या चालीत पाच घरं असतात, पण जंगल किंवा टेकडी आली की माणसांना तिथे एका घराला दोन मोजावी लागतात. सहा घरांवरचं गाव एका फेरीत मिळत नाही आणि तो सैनिक आघाडीला एक फेरी उशिरा पोहोचतो. दोघांच्या नकाशावर प्रत्येकी आठ ते दहा गावं बरी पडतात. त्याहून फार कमी असली तर सेना छोटी राहते आणि एक-दोन नशिबाच्या वारांवर डाव फिरतो.

गावाच्या आजूबाजूला काय आहे, याकडे दुर्लक्ष होतं. माणसांना गावात ६० टक्के बचाव मिळतो (म्हणजे समोरच्याचा वार चुकण्याची शक्यता ६० टक्के), शिवाय दर फेरीला ८ जखम भरून निघते आणि विषही उतरतं. अशा गावासमोर उथळ पाणी किंवा दलदल असेल तर हल्ला करणारा माणूस २० टक्के बचावावर उभा राहतो. असं गाव एकदा धरलं की कोणी हलवू शकत नाही आणि डाव कुजतो. आघाडीच्या गावाला भिडणाऱ्या घरांपैकी निदान दोन-तीन घरं गवताची किंवा टेकडीची असावीत.

पाण्याबद्दल एक टीप, कारण यात हमखास फसायला होतं. नदीतला उतार म्हणून खेळात जो वेगळा भूप्रदेश आहे, तो प्रत्येकाला गवत आणि उथळ पाणी यांपैकी जे फायद्याचं ते देतो. माणसाला तिथे ४० टक्के बचाव, जलमानवांना ६०. नदी ओलांडायला सोपी व्हावी म्हणून जागोजागी उतार रंगवले की नदीचा अडसरही जातो आणि जलमानवांना भक्कम ठाणी आयती मिळतात. नदीत दोन-तीनच उतार द्यावेत, बाकी उथळ पाणी राहू द्यावं.

डोंगर, जंगल आणि गुहा यांची वाटणीही सेना बघून करावी लागते. बुटक्यांना डोंगरावर ७० टक्के बचाव मिळतो, घोडदळाला तिथे चढताच येत नाही, आणि ड्रेक (ड्रॅगनसारखे योद्धे) कुठेही उभे राहिले तरी ४० च्या वर फारसे जात नाहीत. सगळा मध्य डोंगराचा केला तर बुटक्यांची नॅल्गन सेना निवांत बसून राहते. सगळा मोकळा ठेवला तर ड्रेक आणि घोडदळ उंडारतात. मध्यावर तिन्ही प्रकार छोट्या तुकड्यांत मिसळलेले चांगले.

आणि आता तो मुद्दा जो फारच थोडे नकाशाकार धरतात: दिवस-रात्र. सहा फेऱ्यांचं चक्र असतं: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि रात्रीचे दोन प्रहर. लॉफुल सैनिक दिवसा २५ टक्के जास्त मारतात आणि रात्री तितकंच कमी, केऑटिकांचं, म्हणजे अनडेड (मृतांची सेना) आणि ओर्क यांसारख्यांचं, उलट. पहिल्या फेरीत भरती झालेले सैनिक दुसऱ्या फेरीत चालू लागतात. दोन बालेकिल्ल्यांत २० घरांचं अंतर असेल तर कागदावर तिसऱ्या फेरीअखेर फौजा समोरासमोर येतात. वाटेतली गावं आणि टेकड्या धरल्या तर चौथ्या-पाचव्या. चौथी म्हणजे संध्याकाळ, पाचवी म्हणजे रात्र. असा नकाशा प्रत्येक डावात पहिली मोठी चकमक अनडेड आणि ओर्क यांच्या सोयीच्या वेळी घडवतो. अंतर दोन-चार घरांनी कमी-जास्त करून, किंवा वाटेतली एखादी टेकडी काढून, पहिली गाठ कोणत्या फेरीत पडते ते मुद्दाम ठरवावं. खेळ मांडताना सुरुवातीची वेळ यादृच्छिक ठेवायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर नकाशा सोडू नये.

तपासणीसाठी खेळातलीच साधनं वापरावीत. कंट्रोल-व्ही दाबलं की शत्रू पुढच्या फेरीत कुठवर पोहोचू शकतो ते दिसतं. दोन्ही बाजूंनी हे बघून घरं मोजली की अंतरातली तफावत लगेच सापडते. दोन्ही बाजू संगणकाच्या हाती देऊन डाव चालवून पाहावा, पण त्यातून एवढंच कळतं की रस्ता कुठे बंद नाही आणि गाव कुठे बेटावर अडकलेलं नाही. संगणक समतोलाचा निवाडा देऊ शकत नाही, तो बिनदिक्कत पाण्यात उभा राहून लढतो. खरी परीक्षा माणसांचीच. दोघांनी बाजू बदलून निदान चार डाव, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या सेना. खेळणाऱ्यांकडून मत मागण्यापेक्षा रीप्लेची (खेळलेल्या डावाच्या नोंदीची) फाइल मागावी. ‘दक्षिणेची बाजू कमजोर वाटली’ यातून काही दुरुस्त होत नाही. रीप्लेमध्ये कोणता सैनिक कोणत्या फेरीत कुठे अडला ते घरासकट दिसतं.

वाटण्याची बाजू. मित्राबरोबर खेळून पाहायचं असेल तर काहीच चढवायची गरज नाही: एडिटरमध्ये जतन केलेला नकाशा मल्टिप्लेअर डाव मांडताना तुमच्या स्वतःच्या नकाशांत मिळतो, आणि समोरच्याला तो डाव मांडणाऱ्याकडूनच मिळतो. सर्व्हरवर द्यायचा असेल तर ॲड-ऑनचा फोल्डर लागतो: मुख्य कॉन्फिग फाइल, नकाशा, त्याची सीनारिओ फाइल (डावाची मांडणी सांगणारी), आणि नाव, आवृत्ती, प्रकार, वर्णन, परवलीचा शब्द असलेली पीबीएल फाइल. एकाहून जास्त नकाशे असतील तर ‘मॅप पॅक’ हा प्रकार निवडावा. इथे नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. विंडोजवर फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर चालून जातं, लिनक्सवर तीच फाइल सापडत नाही. सीनारिओच्या आयडीला ‘मॅप१’ असलं नाव दिलं की ते दुसऱ्या कोणाच्या तरी ॲड-ऑनशी भिडतं, म्हणून पुढे स्वतःचा उपसर्ग लावावा. दुरुस्त केलेला नकाशा पुन्हा चढवताना आवृत्तीचा आकडा वाढवायचा राहून जातो. आणि परवलीचा शब्द असलेली पीबीएल फाइल सार्वजनिक गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नये.

नकाशात फक्त खेळातलेच भूप्रदेश असतील तर समोरच्याकडे ॲड-ऑन नसला तरी डाव चालतो. स्वतःचे सैनिक किंवा चित्रं घातली की तसं राहत नाही. दोघांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या की मध्येच ‘आउट ऑफ सिंक’ येतं, म्हणजे दोघांच्या संगणकांवरचा डाव जुळेनासा होतो, आणि तासाभराचा डाव वाया जातो. अशा वेळी सीनारिओत ‘रिक्वायर सीनारिओ’ चालू करावं, म्हणजे ॲड-ऑन नसलेला खेळाडू आत येण्याआधीच अडतो. नुसत्या नकाशासाठी मात्र ते बंदच ठेवावं, विनाकारण खेळाडू कमी होतात.

परवान्याकडे कानाडोळा नको. सर्व्हरवर चढवलेलं सगळं मुक्त परवान्याखाली जातं, मुख्यतः जीपीएल. दुसऱ्या खेळातला नकाशा घराघराने उतरवून किंवा नेटवरचं चित्र घालून चालत नाही. उलट दुसऱ्या वेस्नॉथ नकाशाकाराचं काम घेऊन सुधारायला पूर्ण मुभा आहे, फक्त श्रेय वर्णनात लिहावं. ही मुभा या सर्व्हरची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. सोडून दिलेला चांगला नकाशा कोणीतरी उचलून जिवंत ठेवू शकतो.

त्रासाची एक जागा उरते. स्थिर आवृत्तीच्या प्रत्येक मालिकेचा ॲड-ऑन साठा वेगळा असतो. १.१६ वर चढवलेलं १.१८ मध्ये आपोआप दिसत नाही, पुन्हा चढवावं लागतं. मालिका बदलली की जुन्या फाइली खेळासोबत येणाऱ्या ‘डब्ल्यूएमएललिंट’ या पायथन साधनातून काढाव्यात, ते बदललेल्या खुणा आणि उघड चुका दाखवतं. त्यानंतर प्रत्येक नकाशा एकदा उघडून डोळ्यांखालून घालावा. दहा नकाशांच्या पॅकला एक संध्याकाळ पुरते, आणि ती संध्याकाळ नवी मालिका निघाल्यावर पहिल्या आठवड्यातच काढावी, कारण खेळाडू तेव्हाच नवे नकाशे शोधत असतात.